तेमुजिन आणि आमचा अर्धा कोयता

आत्मकथन लिहायला माणसाचं वय झालेलं असावं, केस पांढरे असावेत आणि निदान एखादा सत्कार तरी झालेला असावा, असा माझा समज आहे. माझा अजून एकही सत्कार झालेला नाही. तिशी ओलांडली तरी मी विद्यार्थिनीच आहे. पूर्वी वर्गात मागच्या बाकावर बसायचे, आता ग्रंथालयात मागच्या खुर्चीवर बसते, एवढाच फरक. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे कॉलेजातून बाहेर कधी पडायचं असतं हे सांगणारंही घरात कोणी नाही. तरी त्या एका वर्षाची हकीकत लिहून ठेवावी असं वाटतं, कारण त्या वर्षी आमच्या घरावर मंगोलांचा परिणाम झाला आणि माझं शिक्षण संपता संपता राहिलं. मंगोलांमुळे घरात भांडण झालं, असं गेवराई तालुक्यातल्या फार घरांना म्हणता येणार नाही.

आमचं गाव उमापूरच्या अलीकडे. आप्पा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीचे मुकादम होते. मुकादम म्हणजे गावोगावची माणसं गोळा करून त्यांची टोळी कारखान्याच्या फडावर नेणारा माणूस. ही माणसं माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकणार, असा तो हिशोब. म्हणजे आमच्याकडे माणूस जन्मतो अर्धा आणि लग्न झाल्यावर पुरा होतो. पुढे कॉलेजात माणसाच्या अपूर्णतेवर एक फार गंभीर व्याख्यान ऐकलं तेव्हा मला उगाचच वाटलं, की वक्त्यांना एकदा आमच्या अंगणात आणून बसवावं.

अंगण कायम भरलेलं असे. सकाळी जाग यायची तीच खोकल्यांनी आणि "मुकादम हायत का घरात?" या हाकेनं. लिंबाखालच्या बाजेवर आप्पा, भोवती उकिडवी बसलेली माणसं, तंबाखू मळल्याचा वास, आणि आतून मायचा आवाज: "अजून किती कप?" गुळाच्या चहाचं पातेलं चुलीवरून खाली उतरलेलं मी कधी पाहिलं नाही. आलेला प्रत्येक जण चहा प्यायचा, आप्पांना "मालक, तुमीच आमचे मायबाप" म्हणायचा आणि कप विसळून उपडा ठेवायचा. माय पूर्वी आप्पांबरोबर फडावर जायची. मुकादमी आल्यावर तिचा कोयता आढ्याला अडकवला गेला आणि ती मुकादमीणबाई झाली. म्हणजे उसाऐवजी चहा करू लागली. मोठेपणाची हीच खूण असते, असं तेव्हा मला वाटे.

आप्पा गेले ते उन्हाळ्यात, एका लग्नाचं जेवून आल्यावर. रात्री छातीत कळ आली आणि सकाळी बीडच्या दवाखान्यातून त्यांना परत आणलं ते झाकूनच. जेवणात काहीतरी असेल, असं एक-दोन माणसं बोलली. पण त्या पंगतीला सगळा गाव होता आणि बाकी सगळे ढेकर देत घरी गेले होते. दहाव्याला टोळीतला प्रत्येक जण रडला. आप्पांचे चुलतभाऊ, आमचे तात्या, तर असे रडले की शेवटी मायनंच त्यांना पाणी दिलं. "वहिनी," ते म्हणाले, "टोळी तुमचीच हाय. मी फकस्त दत्ताचा हात बसस्तवर सांभाळतो." दत्ता म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचा हात तेव्हा फक्त मोबाईलवर बसलेला होता.

दसरा झाला आणि वेशीत ट्रॅक्टर लागले. आम्हाला कोणी सांगायला आलं नाही. शेजारच्या पोरानं ओरडून सांगितलं तेव्हा माय भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच ती निघाली, मागे आम्ही. ट्रॉलीत पेट्या, भांडी, कोंबड्या, लेकरं, वर आप्पांचीच सगळी माणसं. पुढच्या ट्रॅक्टरला तात्यांनी हार घातलेला होता. माय पदर खोचून त्याच्यापुढे उभी राहिली.

"उतरा खाली," ती म्हणाली. "माझ्या घरचा च्या पेलाव तुमी. मुकादमाला मायबाप म्हनलाव. उतरा."

काही जण खरंच उतरले. खाली बघत, अंगावरची धूळ झटकत. तात्या मात्र उतरले नाहीत. ते वरूनच म्हणाले, "वहिनी, मेलेल्या मानसाच्या मागं टोळी चालत न्हाई. दत्त्या लहान हाय. आमी काय उपाशी मरावं व्हय?"

उतरलेली माणसं त्या दिवशी आमच्या अंगणात येऊन चहा प्याली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जीपनं तात्यांच्या मागे गेली. कप मात्र विसळून ठेवले होते.

त्यानंतरचा काळ मी फार रंगवून सांगणार नाही, कारण अशा वेळी लेखक भूक रंगवतात आणि आमची तेवढी मोठी भूक नव्हती. हुलग्याचं माडगं होतं, बांधावरची चिघळीची भाजी होती, ठेचा होता. फक्त चहाला माणसं नव्हती. अंगण इतकं मोठं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी बीडला बी. ए.ला होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. शनिवारी एसटीनं घरी यायचे. कॉलेज सोड असं कोणी म्हणत नव्हतं. घरात माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं, त्यामुळे शिक्षण सुरळीत चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या सरांनी प्रत्येकानं एकेका विषयावर वर्गासमोर बोलायचं ठरवलं. छत्रपतींवर बोलायला निम्मा वर्ग तयार होता. उरलेल्यांनी स्वातंत्र्यलढा वाटून घेतला. मला हात वर करायला नेहमीच उशीर होतो. आधी मी मनात वाक्य जुळवते, मग ते बरोबर आहे का बघते, तोवर तास संपतो. सगळ्यांचं वाटप झाल्यावर सर म्हणाले, "चंगीज खानाचं पूर्वायुष्य आणि उदय राहिलंय. कोणी आहे का?" कोणी नव्हतं. मी होते. खान हे आडनाव नसून पदवी आहे, हे वर्गाला पटवण्यात सरांचा पुढचा अर्धा तास गेला. काही जणांना ते आजही पटलेलं नसावं.

ग्रंथालयातून एक जाड पुस्तक मिळालं. मी ते घाबरतच उघडलं. क्रूर माणसाचं चरित्र, त्यात कवट्या वगैरे असणार. पण सुरुवातीलाच एक बाप लेकराचं लग्न जमवून परत येताना वाटेत शत्रूंच्या पंगतीला जेवतो आणि घरी येऊन मरतो. लेकराचं नाव तेमुजिन. वय नऊच्या आसपास. मग बापाची माणसं तंबू गुंडाळतात आणि बाई-लेकरांना मागे टाकून भाऊबंदांबरोबर निघून जातात. त्याची आई होएलुन घोड्यावर बसून, हातात नवऱ्याचं निशाण घेऊन त्यांना आडवी जाते. काही माणसं शरमून मागे फिरतात. मग तीही निघून जातात. मी पान उलटलं, तर पुढच्या पानावर तात्या होते. नाव वेगळं होतं एवढंच. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीतून रिक्षा बघत बसले.

त्या शनिवारी मी कागद घेऊन घरी आले. बोलायचा सराव करायचा होता आणि मला ऐकून घेतील अशी जगात दोनच माणसं होती. माय तूर निवडत बसली होती. दत्ता भिंतीला टेकून मोबाईलमध्ये होता. मी उभी राहून वाचायला लागले. आवाज कापत होता. आपल्याच घरात, आपल्याच आईसमोर आवाज कापावा, हे शिक्षणानं साधलं होतं.

"मंग ती लेकरं काय खायाची?" मायनं सुपातून मान वर न करता विचारलं.

"कंदमुळं. मासे. आणि एक घुशीसारखा प्राणी असतो तिकडं."

"घूस?"

"तसलाच."

"आपून न्हाई बाई घूस खाल्ली," माय समाधानानं म्हणाली. "बरे दिवस होते मंग आपले."

पुढे एका माशावरून झालेल्या भांडणात तेमुजिन सावत्र भावाला बाण मारून ठार करतो, तिथे तिचा हात थांबला. "मायनं हानलं का न्हाई त्याला?" मी म्हटलं, खूप बोलली असं लिहिलंय. "बोलून काय व्हतंय," असं म्हणून ती पुन्हा निवडायला लागली.

भाऊबंद तेमुजिनला पकडतात, मानेत लाकडी खोडा घालतात आणि तो त्याच खोड्यानं पहारेकऱ्याला हाणून पळून जातो, इथपर्यंत आल्यावर दत्तानं मोबाईल खाली ठेवला. घोडे चोरीला जातात आणि तो एकटा त्यांच्या मागावर निघतो, तिथे तो पुढे सरकून बसला. लग्न होतं, बायकोच्या माहेरून काळ्याभोर केसाळ कातड्याचा मौल्यवान कोट येतो, आणि तेमुजिन तो कोट आपल्या अंगात न घालता बापाच्या एका जुन्या बलाढ्य मित्राला नेऊन देतो, हे वाचल्यावर तर तो उठूनच उभा राहिला.

"आयला! म्हंजे सोयरिकीतून आलेला माल मोठ्या मुकादमाला दिला आन् त्याची टोळी पाठीशी घेतली?"

"तो मुकादम नव्हता दादा. तो तोघ्रुल नावाचा..."

"नाव काय बी असूंदे. म्हंजे आपला आष्टीचा नानाच की!"

मला फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आप्पा गेल्यापासून दत्ता पहिल्यांदाच कशासाठी तरी उठून उभा राहिला होता, आणि तो माझ्या वाचण्यानं. शिकलेल्या माणसानं समाजाला दिशा द्यावी असं आमचे प्राचार्य दर स्नेहसंमेलनात सांगत. मी दिशा दिली होती. पुढच्या आठवड्यात दत्तानं दाढी राखली, मोबाईलच्या स्टेटसवर घोड्यावरच्या कुठल्यातरी माणसाचं चित्र टाकलं आणि त्याखाली लिहिलं, 'टोळी गेली, रक्त न्हाई.' चौकातल्या पोरांनी त्याला बदाम पाठवले. एकानं विचारलं, "दत्त्या, घोड्याचं राहू दे, फटफटीत पेट्रोल हाय का बे?"

आष्टीकडचे हे नाना खरोखर मोठे मुकादम होते आणि आप्पांचे जुने ओळखीचे. दत्ता त्यांना जाऊन भेटला. परत आला तो चेहऱ्यावर विजय घेऊन. नानांनी सांगितलं होतं, की आमच्याबरोबर एक हंगाम काढ, पुढच्या वर्षी हाताखाली टोळी देतो. पण अर्धा कोयता मी घेत नाही, पुरा करून ये. दत्ता बिनलग्नाचा. त्यानं ताबडतोब स्वतःचं लग्न करायची तयारी दाखवली, पण जमीन कोरडवाहू, टोळी पळालेली, वर दाढी. पोरगी द्यायला तालुक्यात कोणी पुढे आलं नाही. तेव्हा नानांनीच तोडगा काढला. त्यांचा एक पुतण्याही अर्धाच होता. दत्ताची बहीण त्याला दिली की तिकडे एक कोयता पुरा होतो, सोयरीक होते, आणि मग दत्ताच्या अर्ध्याकडे घरचा माणूस म्हणून कानाडोळा करता येतो.

"म्हंजे मी," मी म्हटलं.

"तूच की," दत्ता म्हणाला. "तुझ्याच पुस्तकात हाय. सोयरिकीबिगर राज्य उभं ऱ्हात न्हाई."

मी मायकडे पाहिलं. ती म्हणाली, "बगू." मायच्या 'बगू'चा अर्थ आप्पांनाही कधी लागला नव्हता. तिला घर बुडताना दिसत होतं आणि दत्ता तिचाच मुलगा होता. मी त्या रविवारी बीडला परत आले, वसतिगृहात पेटी उघडली, वह्या एका बाजूला आणि कपडे एका बाजूला ठेवले, आणि लग्नानंतर यातलं काय बरोबर न्यायचं असतं याचा विचार करत बसले. बोलायचं काम पंधरवड्यानं होतं. पुस्तकात मी पुढे वाचलं होतं, की शत्रूंचा हल्ला झाला तेव्हा तेमुजिन, त्याची आई, भाऊ, सगळे घोड्यांवर बसून पळाले आणि बायकोला तेवढा घोडा कमी पडला, म्हणून ती पकडली गेली. पुढे अर्धं जग जिंकणाऱ्या माणसाकडे त्या दिवशी एक घोडा कमी होता. इतिहासकारांनी ते एका वाक्यात उरकलं आहे.

पाहुणे आले ते पांढऱ्या गाडीतून. नाना पुढे, पुतण्या मागे. पुतण्या मोबाईलमध्ये बघतच उतरला आणि बघतच बसला. मी पोह्यांच्या बशीतले दाणे सारखे करत उभी राहिले.

"कितवीला हाय पोरगी?" नानांनी विचारलं.

"बी. ए. दुसरं वर्ष," दत्ता म्हणाला.

"बास झालं की मंग. मोळी बांधता येती का?"

मी मनात वाक्य जुळवायला लागले. येत नाही म्हणावं, तर आप्पांची लाज. येते म्हणावं, तर संपलंच. तेवढ्यात आतल्या दारातून माय म्हणाली, "दत्ता, त्या तुझ्या खानाचं सांग की नानाला."

दत्ता खुलला. त्यानं सगळं सांगितलं: पळालेली टोळी, खोडा, घोडे, कोट. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं, कारण त्याला ते आपलंच वाटत होतं. नाना पोहे खाता खाता मान हलवत होते. गडी जोरदार आहे, असं त्यांचंही मत पडलं.

"आता मला एक सांग," माय म्हणाली. "त्यानं पोरगी केली का दिली?"

"केली."

"आन् कोट कोनी दिला?"

"पोरीकडच्यांनी."

"मंग हितं पोरीकडचं कोन हाय?"

दत्ता दाढी खाजवायला लागला.

"तू कोटवाला हायस, बाबा," माय म्हणाली. "खान हे बसलेत पोहे खात. तू पोरगी देनार, दर सनाला ताट घेऊन ह्यांच्या दारात उभा ऱ्हानार, पोरीकडचा म्हनून मान खाली घालनार. त्या मानेचा मुकादम कवा व्हायचा तू? टोळीतल्या मानसानं तरी कावून ऐकावं तुझं?"

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. खान म्हटल्याचा त्यांना राग आला नाही. उलट ते खुर्चीत जरा ताठ बसले. दत्तानं माझ्याकडे पाहिलं. आधार मागावा तसं पाहिलं. पुस्तक माझ्याकडेच होतं. पुढे तेमुजिननंही स्वतःची बहीण एका कामाच्या सरदाराला दिली होती, हे मी वाचलेलं होतं, खूण घालून ठेवलेलं होतं. मी गप्प राहिले. आज संशोधन करताना कळतं, की सगळेच पुरावे मांडायचे नसतात, विषयाच्या मर्यादा असतात. माझी पहिली मर्यादा मी त्या दिवशी आखली, आणि ती मला अजूनही योग्य वाटते.

"ते सगळं खरं हाय, वहिनी," नाना डोळे पुसत म्हणाले. "पर अर्धा कोयता मी घेत न्हाई. तुमाला तर ठावं हाय."

"पुरा देते."

"कुठून?"

"दत्ता आन् मी."

नानांचं हसू गेलं. "तुमी? मुकादमीनबाई तुमी. लोकं काय म्हनतील?"

"लोकं हायत कुठं?" मायनं अंगणाकडे हात केला. "हात हायत मला. मोळी बांधता येती."

नानांनी मायच्या हातांकडे पाहिलं, मग आढ्याला अडकवलेल्या कोयत्याकडे पाहिलं आणि उरलेले पोहे संपवले. धंद्याचा माणूस, त्याला कोयता पुरा मिळाल्याशी मतलब. "बरं," ते म्हणाले. पुतण्या आला तसाच मोबाईलमध्ये बघत गाडीत बसला. माझं लग्न जमता जमता मोडलं, हे त्याला बहुधा आष्टीत गेल्यावर कळलं असेल.

ट्रॅक्टर निघाला त्या दिवशी मी कॉलेज बुडवून आले होते. पत्र्याची पेटी, दोन पातेली, कांबळं, कुणाच्या तरी कोंबड्या, त्यावर माय. दत्ता पुढे ड्रायव्हरजवळ, दाढीसकट. आढ्यावरचा कोयता धार लावून पोत्यात गुंडाळलेला. माय वरून एवढंच म्हणाली, "भाषन नीट पाठ कर. हळू बोलू नको, मागच्याला ऐकू येत न्हाई." मी रडले नाही, असं लिहिलं तर ते आत्मकथनाला शोभेल, पण मी रडले, आणि धुळीमुळे ते कोणाला दिसलं नाही.

वर्गात मी बोलले. हळूच बोलले. होएलुनजवळ आल्यावर आवाज जरा वाढला असावा, कारण मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. सरांनी नंतर जवळ बोलावून सांगितलं, "अभ्यास चांगला आहे. फक्त आईचा भाग थोडा लांबला. लष्करी संघटनेवर भर द्यायला हवा होता." मी "हो सर" म्हणाले. अजूनही माझ्या मार्गदर्शकांचं साधारण हेच म्हणणं असतं, आणि मीही साधारण हेच उत्तर देते.

संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात उभी असताना दत्ताच्या नंबरवरून फोन आला. मायचा आवाज. मागे वारा, उसाच्या पाचटाचा खसखसाट, कोणाचं तरी लेकरू रडत होतं.

"झालं का गं भाषन?"

"झालं."

"भ्यालीस?"

"थोडी."

"मी बी पयल्या दिशी भ्याले. हात सोलवटले. आता बसलाय जम." तिनं रडणाऱ्या लेकराला चुचकारलं. "मी काय म्हनते, त्या बाईचं शेवटी काय झालं? त्याच्या मायचं? तू तवा सांगितलंच न्हाईस."

मला ते माहीत होतं. मुलगा राजांचा राजा झाला, राज्याची वाटणी झाली, त्यात तिच्या वाट्याला काही आलं, ते तिला पुरेसं वाटलं नाही पण ती बोलली नाही, आणि नंतर लवकरच ती म्हातारी होऊन गेली. पुस्तकात एवढंच होतं. मला त्यातलं सांगण्यासारखं एकच सापडलं.

"पोरगा लई मोठा झाला माय. त्यानं तिला वाटणीत हजारो माणसं दिली. हाताखाली."

माय म्हणाली, "आन् येवढ्यांचा सैपाक कोनी करायचा?"

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात मागून दत्ताची आरोळी ऐकू आली, थेट आप्पांच्या ढबीत: "ए चला, उठा, गाडी लागली! हात उचला सगळ्यांनी!"

"आले," माय म्हणाली. सगळ्यांनी म्हणजे तिनंच. टोळी पुढच्या वर्षी मिळणार होती.